सोमवारी अकराची मीटिंग

"सोमवारी आमच्या मॅडमचं मौन असतं," अतुल सर पाहुण्याला हसत म्हणाले. "काय विचारायचं ते मलाच विचारा."

मीटिंग सोमवारी अकराला का ठेवली, ते वल्लरीला तेव्हा कळलं.

आंबीच्या त्या कारखान्यात ट्रकच्या ब्रेकचे पार्ट तपासून पास करणं हे तिचं काम. सोमवारी दुपारी बारापर्यंत बोलायचं नाही, हा तिचा नऊ वर्षांचा नेम. बाळंतपणाच्या कळासुद्धा तिने एका सोमवारी ओठ मिटून काढल्या होत्या. सोमवारी सकाळी अख्खं खातं तिच्या खुणांवर चालायचं. अंगठा वर म्हणजे पास. तळवा आडवा म्हणजे थांबवा.

शनिवारी तिने सरांना स्पष्ट सांगितलं होतं, चाळीसात तीन पार्टना तडे आहेत. सरांनी उत्तरादाखल खणातून तिच्या बढतीचं पत्र काढलं. 'संवादकौशल्य कमी' असा शेरा मारून दोन वर्षं त्यांनीच ते अडवलं होतं.

"सोमवार नीट पार पडू दे, लगेच सही करतो. कुठे बोलू नये हे कळणं, हेही कौशल्यच असतं, मॅडम."

ते पत्र आत्ता त्यांच्या फाइलवर होतं.

माल घेणाऱ्या कंपनीचे गंधार साहेब मात्र तिच्याकडेच वळले. "मॅडम, लॉट चांगला आहे ना?"

वल्लरीने चिठ्ठीवर दोन ओळी लिहून पुढे सरकवल्या. सरांनी ती वाटेतच उचलली, वाचली, घडी करून खिशात टाकली.

"चहा सांगू का, विचारतायत."

एवढ्यात ट्रकवाले नथूभाऊ दारात आले. "सायेब, गाडी भरून झालीया. काढू का?"

"काढा." वल्लरीने तळवा आडवा धरला, पण नथूभाऊ तोवर वळले होते.

घड्याळात अकरा पंचवीस. बारा वाजेपर्यंत गाडी चाकणला, गंधार साहेबांच्या कंपनीत पोचली असती. वल्लरीने डोळे मिटले, मनात हात जोडले. मग ती उभी राहिली. पहिला शब्द घशात जरा खरखरला.

"नथूभाऊ, गाडी काढू नका. चाळीसात तीन पार्टना तडे आहेत. हे ब्रेक लावून माणसं बोरघाट उतरणार आहेत."

नथूभाऊ बघतच राहिले. "ताई, आज सोमवार हाय न्हवं?"

गंधार साहेब उठले आणि नथूभाऊंना घेऊन गाडीकडे निघाले. खोलीत दोघंच उरली.

"नऊ वर्षांचं व्रत मोडलंत," सर दात आवळून म्हणाले. "देवालासुद्धा फसवलंत."

वल्लरीने फाइलवरचं पत्र उचललं, घडी घातली आणि त्यांच्या खिशात त्या चिठ्ठीशेजारी सरकवलं.

"त्याची क्षमा मी संध्याकाळी देवळात मागेन. मौन मी महादेवासाठी धरलं होतं, सर. तुमच्यासाठी नाही."