झाकण

"आधी खोट सांगायची, मग कौतुक," विभावरी फोनवरच्या फोटोंच्या गटात आली त्याच दिवशी कुमुदताईंनी बजावलं होतं. त्यांच्या बोलण्यानेच तिचा हात सुधारत गेला. रोज देवापुढे दिवा लावला की एक फोटो गटात टाकायचा, हा तिचा नेम झाला.

हल्ली मात्र ती शिणली होती. माणसांच्या वतीने, त्यांच्याच भाषेत उत्तरं देणारी यंत्रं घरोघरी आली होती आणि गटात नुसतं कौतुक वाहत होतं.

आज तर लेन्सचं झाकण काढायचंच राहिलं. न बघताच अख्खा काळा फोटो गटात गेला, आणि कुमुदताईंचं उत्तर आलं, "वा गं! उजेड काय सुंदर पकडलास!"

विभावरीने फोन लावला. "ताई, माझे फोटो तुम्ही बघता का हो?"

कुमुदताईंनी खरं ते सांगून टाकलं. "वर्ष झालं, डोळे गेले गं माझे. तू थांबू नयेस म्हणून त्या यंत्राला माझ्यासारखं बोलायला लावलं. मेलं गोडच बोलतं!"

"मग माझी खोट कोण काढणार?"

"फोटो मला तोंडाने सांग. जे सांगता येणार नाही, ते तू धड पाहिलेलंच नसणार. मग बघ, कशी सोलून काढते!"

"उद्यापासून रोज सांगेन, ताई."

दुसऱ्या दिवशी दिवा लावून तिने कॅमेरा गळ्यात अडकवला, झाकण आठवणीने काढून देवापाशी ठेवलं, आणि ताईंच्या डोळ्यांच्या विचाराने जड झालेल्या पावलांनी, त्यांना सांगायचा फोटो शोधत तळ्याकडे निघाली.