एवढ्याशा सामानाला

"एवढ्याशा सामानाला एवढा मोठा ट्रेलर. मुंगीच्या बिऱ्हाडाला हत्तीची पाठ."

सासूबाई हे गाडीला म्हणाल्या. सून गाडीखालीच उताणी पडली होती, पण सुनेला टोमणा मारायचा असला की त्या जवळच्या वस्तूशी बोलत.

"मिळाला तोच आणला, आई," सून खालून म्हणाली.

तिथून तिला सासूबाई फक्त घोट्यापर्यंत दिसत होत्या. निळ्या सपाता, त्यातल्या डावीतून बाहेर डोकावणारा अंगठा. सपाता गाडीभोवती एक चक्कर मारत, थांबत, पुन्हा निघत.

एसयूव्ही नवऱ्याने हौसेने घेतली होती. घर सोडून जाताना त्याने आई, बायको आणि गाडी अशा तिघी मागे ठेवल्या. तिघींपैकी कुणाची आठवण येत असेल तर ती गाडीचीच, असं सुनेला कधीकधी वाटे.

त्या गाडीच्या मागे ती ट्रेलर ओढायचा हुक बसवत होती. गॅरेज कोपऱ्यावरच होतं. तिथल्या मेकॅनिकने हसतखेळत काम उरकून दिलं असतं. पण पाना उचलण्याआधी त्याने विचारलं असतं, "साहेब कुठेत? दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत." मग तिला म्हणावं लागलं असतं, "कामानिमित्त बाहेर." हे उत्तर शेजारच्या काकूंना देऊन झालं होतं, टपालवाल्याला, फोनवर नणंदेलाही. वापरून वापरून ते विरलं होतं. त्यापेक्षा बोल्ट आवळणं सोपं.

सोपं मुळीच नव्हतं. सकाळपासून तिने मागची स्टेपनी उतरवली, सायलेन्सर रबरी कड्यांतून सोडवून लोंबता ठेवला, डोळ्यांत गंज पाडून घेतला. हुकाचा जाडजूड आडवा दांडा जॅकवर ठेवून वर उचलला. एका टोकाला बोल्ट घातला आणि सगळा जीव काढून आवळला. आता दुसऱ्या टोकाची भोकं जुळत नव्हती. अर्ध्या बोटाचा फरक, पण हटेल तर शपथ.

उद्या सकाळी निघायचं होतं. दुसऱ्या गावी तिला नोकरी मिळाली होती, राहायला दोन खोल्याही. दुसऱ्या खोलीचं ती घरात बोलली नव्हती. 'तुम्हीही चला' हे शब्द कितीदा ओठांवर आले आणि तिथूनच परत गेले. नवराच नाही तर सासूला न्यायचं कोणत्या नात्याने? आणि सासूबाईंनी तर आधीच सांगून टाकलं होतं, "मी आहे इथेच. कुणी आलं आणि दाराला कुलूप दिसलं तर?" हे कुणी म्हणजे कोण, ते तिने विचारलं नाही. त्या कुणीसाठी दारावरचा दिवा रोज तिन्हीसांजेला लागत होता.

"जुळत नाहीये मेलं," ती पुटपुटली.

सपाता जवळ आल्या. "एक टोक आधीच पक्कं केलंस का?"

"हो."

"मग कसं जुळेल? एक बाजू शिवून मोकळी झालीस, आता दुसरी ओढ खाणारच. उसव ते. आधी सगळीकडे कच्चा टाका घाल, जागच्या जागी बसू दे. मग पक्की शिवण."

सासूबाईंनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. जगातल्या सगळ्या वस्तू त्यांना कापडाच्याच वाटत.

"आई, हे लोखंड आहे."

"ते तुला माहीत. त्याला कुठे माहीत आहे?"

तिने आवळलेला बोल्ट ढिला केला. दांडा आळोखेपिळोखे दिल्यासारखा जरा सरकला, आणि पलीकडची भोकं समोरासमोर आली. उरलेले बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेले.

"बसलं?"

"बसलं. आता आवळायचेत. अंधारतंय खाली, टॉर्च धराल का जरा?"

"आणते."

सपाता फटफटत पायऱ्या चढल्या. त्या लवकर परत आल्या नाहीत. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी जड सरकवल्याचा. मग तोही थांबला.

सून पाना छातीवर धरून पडून राहिली. उद्यापासून या घरात सपातांच्या एवढ्याच एका जोडीचा आवाज असणार होता, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. तिच्या त्या दोन खोल्यांत तर तेवढाही नाही. ट्रेलरवाल्याने तिला आधी लहानच ट्रेलर दाखवला होता. "तुमच्या सामानाला पुष्कळ झाला," असंही तो म्हणाला होता. मोठा तिने मुद्दाम मागून घेतला होता.

अंगणात अंधार उतरला. दारावरचा दिवा मात्र अजून लागला नव्हता. तिला वाटलं, बल्ब गेला असेल.

पायऱ्यांवर पावलं वाजली. फटफट नव्हती, टाचांचा ठाम आवाज होता. तिने मान वळवली. चाकाशेजारी काळे बंद बूट येऊन उभे राहिले, सासूबाई एरवी फक्त परगावी जाताना घालत ते. नाड्यांना दुहेरी गाठ मारलेली होती.

टॉर्चचा उजेड आधी बोल्टांवर पडला. मग बंपर धरून, कण्हत कण्हत, सासूबाई खाली वाकल्या. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा गाडीखाली आला, तिरका, रक्त उतरून लाल झालेला.

"तो यायचा नाही आता," त्या सुनेला म्हणाल्या. "शिलाई मशीन आधी चढव, जड आहे ते."