दिवेलागणीपर्यंत मौन

“काकू, त्या वाती ठेव बाजूला, आधी ही कादंबरी वाच!” पुतणी मृण्मयी शाळेतून थेट देवघरातच घुसली. “ग्रंथालयाच्या बाईंनी आमच्या अख्ख्या नववीला सुचवलीये!”

मुखपृष्ठ पाहिलं आणि माझ्या हातातला कापूस निसटला. कादंबरी माझीच होती, टोपणनावानं लिहिलेली. घरचे हसतील म्हणून कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यात आज सोमवार, म्हणजे दिवेलागणीपर्यंत माझं मौन.

“लेखक नक्की दाढीवाला असणार, बुलेटवर हिंडणारा! कसलं लिहितो गं! वर्गात सगळ्या वेड्या झाल्यात.”

मी ओठ घट्ट मिटले, तरी हसू फुटायचं ते फुटलंच. वळता वळता वात पार सुतळीसारखी लांबलचक झाली.

“शेवटी मात्र घाबरला बिचारा. एवढी धीट मुलगी जहाज सोडून मुकाट घरी परतते? काहीतरीच!”

खरंच होतं तिचं. त्या मुलीला घरी मीच ओढून आणलं होतं, लोक काय म्हणतील म्हणून.

अंधारून आलं. मी निरांजन लावलं, हात जोडले आणि दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

“दुसऱ्या भागात ती पुन्हा जहाजावर चढते.”

“तुला काय माहीत?”

“आणि मला दाढी नाही गं.”