चौकातला त्रिकोण

मोठमोठ्या शहरांच्या चौकांत ज्यांची पोलादी शिल्पं उभी होती, त्या यज्ञेश्वरांना २००५ साली त्यांच्या वणी गावानं पहिल्यांदाच काम दिलं. कापूस खरेदी केंद्रासमोर त्यांनी वीस फुटी त्रिकोण उभारला.

अनावरणानंतर चार दिवसांनी ते त्याचे फोटो काढायला आले. केंद्रावर कापसाचं मोजमाप रखडलं होतं, गाड्यांची रांग पार चौकापर्यंत आली होती. त्रिकोणाच्या अरुंद सावलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि ऊन सरकेल तशा सरकत होत्या. आपलं शिल्प गावानं जवळ केलं, म्हणून यज्ञेश्वर हरखून गेले.

त्यांच्या हातातला कॅमेरा पाहून रुखमाबाई नावाच्या म्हातारीनं विचारलं, "हे तुमीच केलं काय, भाऊ?"

"हो, मावशी."

"लय पुण्य लागन तुमाले. इथं एवढा मोठा कडुनिंब होता, कोण्या मेल्यानं तोडला त कोन जाने! तुमी निदान एवढी तरी सावली केली."

"खरं आहे," यज्ञेश्वर कसंबसं म्हणाले. त्यांना मान वर करवेना.

 

रस्त्यावरून त्रिकोण नीट दिसावा, म्हणून तो कडुनिंब तोडायचा अर्ज त्यांनीच दिला होता.