भरलेला चेहरा

"भाऊजींचा चेहरा काय छान भरलाय हो, वहिनी!" शेजारच्या सामंतबाई म्हणाल्या, तशा वत्सलाताई सुखावल्या. श्रीपादरावांना फुफ्फुसाचा कर्करोग झाल्यापासून त्या रोज सकाळी नवऱ्यासाठी नाचणीची पेज करत. ती अंगी लागली म्हणायची! श्रीपादराव मात्र हल्ली खुर्चीत बसूनच झोपत होते. आडवं झालं की जीव घुसमटतो म्हणायचे. सदऱ्याचं गळ्याचं बटणही लागेना.

डॉक्टरांनी त्यांच्या मानेवरच्या तटतटलेल्या शिरा पाहिल्या. "ही तब्येत सुधारलेली नाही, सूज आहे. डोक्याकडून हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर गाठीने दाबली गेलीय. आत जाळी बसवून वाट मोकळी करू. गाठीवरचे उपचार चालूच राहतील, पण यांना आराम पडेल."

वत्सलाताईंना आपल्या पेजेची लाज वाटली.

जाळी बसवून घरी आल्या आल्या श्रीपादराव गादीवर आडवे झाले आणि चक्क उताणे घोरू लागले. गाल बसले होते, नाक पुन्हा धारदार दिसत होतं. लग्नात पहिल्यांदा पाहिलेलं ते हाडकुळं तोंड वत्सलाताई दारातून बघत राहिल्या.

सामंतबाई विचारपूस करायला आल्या, आत डोकावल्या आणि हळहळल्या. "अगंबाई, किती वाळले हो भाऊजी!"

"वाळलेत ना?" वत्सलाताईंचे डोळे भरून आले. त्या लगबगीने स्वयंपाकघरात गेल्या आणि साखरेची वाटी घेऊन आल्या.

"घ्या, आधी तोंड गोड करा."