गळका तळ

“गळतंय का हो?” बायकोने वरून विचारलं.

डेंटर गाडीखाली पुठ्ठ्यावर उताणा पडला होता. नाकापासून वीतभर अंतरावर गाडीचा तळ. शेजारच्या पत्र्याच्या ताटलीत टप् टप् वाजलं, तेव्हा खरं तर उत्तराची गरजच नव्हती.

“गळतंय,” तो तरीही म्हणाला.

“असू दे. उद्या परत लावा. मी आहे.”

पाण्याचा रिकामा मग खाली ठेवून ती लेकीच्या आधाराने घरात गेली. एरवी औषधाला नाक मुरडणारी बाई, पण गळती ऐकली की मुकाट गोळ्या घेई आणि वर दोन घासही खाई.

याच गाडीतून ती नवरी होऊन घरी आली होती. पुढे गावभराच्या गाड्या ठोकून सरळ करता करता डेंटरची स्वतःची मात्र अंगणात सडत राहिली. बसल्या जागी पायाखालचा रस्ता दिसावा, इतकी. दिव्याखाली अंधार म्हणून बायकोने त्याला जन्मभर चिडवलं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा ती त्यांनाच म्हणाली, “या गाडीतून एक फेरी मारली की मी सुखाने डोळे मिटेन. तोवर नाही.”

दुसऱ्याच दिवशी डेंटरने सडका तळ कापून काढला. नवे पत्रे वेल्डिंग करून बसवले. इंजिन झालं, रंग झाला. घोडं अडलं ते सांध्यांपाशी. वेल्डिंग कितीही चांगलं असो, दोन पत्र्यांमध्ये केसाएवढी फट राहतेच. ती सीलंटने बुजवली नाही तर पाणी शिरतं आणि नवा पत्राही जुन्याच्या वाटेने जातो. म्हणून त्याने नियम घातला होता. वरून तिने पाणी ओतायचं, खालून त्याने बघायचं. एक थेंब जरी आला तरी सीटं बसवायची नाहीत.

रोज सकाळी तो कालचं सीलंट खरवडून काढी. सांधा पुसून नव्याने लांबच लांब रेघ ओढी. साबणाच्या पाण्यातल्या स्पंजवर बोट ओलं करी आणि सीलंट चिकटायच्या आत ते बोट रेघेवरून फिरवी. संध्याकाळी पाणी, आणि पुन्हा टप् टप्. एकदा तर गाडीच्या उंबऱ्याला कपाळ टेकून तो लहान मुलासारखा रडला.

डॉक्टरांनी दिलेली मुदत केव्हाच टळली होती. लेकीचा जीव टांगणीला लागला होता.

“बाबा, गळू दे की थोडं. आईला आधी फिरवून आणा. तिच्याकडे वेळ आहे का?”

“गळक्या गाडीत बसवू तिला?” तो असा खेकसला की लेक स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसत बसली.

मग तिने बापाच्या जुन्या दोस्ताला, पेंटरला, बोलावलं. त्याने सांध्यावरून बोट फिरवलं आणि मान हलवली. “तुझ्या हातचं काम कधी गळलेलं मी पाहिलं नाही. थांब, खालून बघतो.” तो वाकला, तर डेंटरने दंड धरून त्याला मागे ओढलं. माझ्या गाडीखाली मीच जाणार, म्हणाला. जाताना पेंटर लेकीला एवढंच म्हणाला, की म्हाताऱ्याचा हात गेला, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

त्या संध्याकाळी बायकोला उचलूनच आणावं लागलं. पाण्याचा मग तिच्या हातात ठरेना, म्हणून लेकीने तिच्या मुठीवर आपली मूठ धरली. डेंटर ताटली घेऊन गाडीखाली सरकला. वरच्या पत्र्यावर पाणी पसरल्याचा आवाज त्याने ऐकला.

“आज नसलं गळत तर बरं होईल हो,” ती वरून हळूच म्हणाली. “फार दमले.”

खालून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

मग ताटलीत वाजलं. टप्. टप्.

“गळतंय गं,” डेंटर म्हणाला.

वर तिने लेकीच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“असू दे,” ती शेवटी म्हणाली. “उद्या परत लावा. मी आहे.”

डेंटरने डोळे उघडले. वरचे सगळे सांधे ठणठणीत कोरडे होते, अगदी पहिल्या दिवसापासून होते तसे. मुठीतला स्पंज त्याने ताटलीवर आणखी एकदा पिळला.