फोटोपुरतं

कडे उतरायला शिकवता शिकवता आम्ही मुलांना धीट करतो. यंदा देणगी मिळाली नाही तर संस्थेला टाळं लागणार होतं, म्हणून देणगीदार साहेबांसमोर मी स्वतः शंभर फुटांच्या कड्यावरून लटकलो. वर माझा दोर धरून आमची नववीतली चिमणी उभी होती.

साहेब भलतेच खूश झाले. दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक पुढे करून तिला म्हणाले, “ये बाळा, दोन्ही हातांनी हे टोक धर. फोटो काढू.”

“साहेब, दोर सोडला तर दादा पडेल.”





मग संस्थेच्या ताई कड्यावरून वाकून म्हणाल्या, “अरे, दोन मिनिटं कशाला तरी धरून राहतोस का?”